विटकरी रंगाचे प्लग

सरांनी पीयूसीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "आता याला काय म्हणायचं?"

गाडी २०१८ची, बीएस-४, पेट्रोल. सर निवृत्त शिक्षक, राहायला आमच्या उद्यमनगरातल्या गॅरेजपासून दोन गल्ल्या सोडून. या गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन नुसतं चालू असताना, धुरातला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन (एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत २०० भागांच्या आत लागतं. कागदावर सीओ मर्यादेत होता, हायड्रोकार्बन मात्र ६४०. सीओ बरा आणि एचसी चढलेला, म्हणजे पेट्रोल जास्त जात नाहीये, ते कुठल्यातरी सिलिंडरात न जळताच बाहेर पडतंय. मिसफायर.

खरं तर हे मला आधीच ठाऊक होतं. दोन महिन्यांत सर दोनदा येऊन गेले होते. तक्रार एकच, "पन्हाळ्याचा चढ लागला की झटके मारते." पहिल्या खेपेला मी स्पार्क प्लग बदलले. दुसऱ्या खेपेला स्कॅनरवर दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर कोड निघाला, म्हणून त्याच्या प्लगला वीज देणारी कॉईल बदलली. दोन्ही वेळा गाडी माझ्या दारात शिवणयंत्रासारखी चालली. चालणारच. सर सकाळी घरून निघायचे, दोन मिनिटांत माझ्याकडे. इंजिन धड तापायच्या आधीच मी ते तपासत होतो.

यावेळी म्हटलं, "सर, चला, पन्हाळ्याला जाऊन येऊ." वर पोचेपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये गाडीनं चार-पाचदा मान टाकली. परत आल्यावर इंजिन बंद न करता थेट पीयूसीवाल्याकडे नेली. एचसी ७१०. मग दोन तास गाडी सावलीत उभी केली आणि पुन्हा नळी लावली. १३०! पीयूसीवाला माझ्याकडे बघायला लागला.

गरम हेडमधून प्लग काढायचे नसतात, अॅल्युमिनियमचे आटे निघतात. म्हणून इंजिन गार झालेलं बघून तिथंच पाना लावला. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर चांगला चाललेल्या इंजिनात फिकट बिस्किटाचा रंग चढतो. हे चारही प्लग विटकरी होते, कौलारू घरावरच्या कौलासारखे. नखानं खरवडलं तर बोटाला गेरूसारखी पूड लागली. पोटात गोळा आला, कारण पहिल्या वेळचे जुने प्लगही मी असेच लालसर पाहिले होते आणि "गंजलेत" म्हणून भंगाराच्या डब्यात टाकले होते.

"सर, टाकीत पेट्रोलशिवाय काही टाकता का?"

सर जरा अभिमानानंच डिकीकडे गेले. खोक्यात ऑक्टेन बूस्टरच्या सात बाटल्या. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं, अॅव्हरेज पडला, म्हणून दर टाकीला एक. "सुरुवातीला एक. मग फरक पडेना म्हणून दोन."

चष्मा लावून बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली. फेरोसिन. म्हणजे लोखंडाचं संयुग. जळलं की मागे उरतो लोखंडाचा ऑक्साइड, सरळ भाषेत गंज. तो प्लगच्या मातीवर बसतो. थंड असताना फारसा त्रास देत नाही, पण तापला की त्यातून वीज वाहायला लागते. मग ठिणगी टोकावर उडायच्या ऐवजी त्या लाल थरावरून प्लगच्या बॉडीला निघून जाते. म्हणून चढावर झटके, सपाटीला काही नाही.

माझे उस्ताद शिशाच्या पेट्रोलच्या काळातले. शिशाच्या संयुगानं ऑक्टेन वाढतं हे १९२१ साली अमेरिकेत सापडलं, आपल्याकडे ते २००० साली बंद झालं. शिसं विषारीच, पण निदान त्याच्याबरोबर ब्रोमिनची संयुगं घालायचे, ती बरंचसं शिसं धुरावाटे बाहेर नेत. लोखंडाला तसा काम भागवणारा सोबती कधी मिळाला नाही.

सरांना मला एवढंच पटवायचं होतं की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकायला लागू नये, यासाठीची ती सहनशक्ती. सरांचं इंजिन साध्या ९१ ऑक्टेनवर चालायला बनवलेलं, आणि इथेनॉल मिसळल्यानं ऑक्टेन उलट वाढतंच. अॅव्हरेज पडतो तो वेगळ्या कारणानं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश. ती कमी बाटलीभर द्रवानं कशी भरून निघणार?

"म्हणजे आपल्याच उसानं आपला अॅव्हरेज खाल्ला म्हणा की," सर म्हणाले.

सगळ्याच बाटल्यांना मी नावं ठेवत नाही. इंजेक्टर साफ करणारी पॉलीइथरअमाइनवाली मी स्वतः एखाद्या जुन्या गाडीत वापरतो, वर्षातून एकदा. पण "जादा पॉवर" लिहिलेल्या बाटलीवर माझा विश्वास नाही.

टाकी रिकामी केली, नवे प्लग घातले. धुरातले विषारी वायू साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची धास्ती होती, कारण तीच पूड पुढे तिथंच जाऊन बसते आणि ते बदलायचा खर्च निवृत्तिवेतनातला नव्हे. स्कॅनरवर त्याच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरची रेघ शांत, सरळ होती, म्हणजे कन्व्हर्टर काम करत होता. वाचलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा पन्हाळा. उतरून आल्यावर एचसी ९०. दोन नंबरची जुनी कॉईल मी अजून कपाटात ठेवली आहे, तिच्यात काहीच बिघाड नव्हता. नव्या कॉईलचे पैसे परत द्यायला गेलो तर सर म्हणाले, "पुढच्या सर्व्हिसिंगमध्ये वळते करा." बूस्टरचा दुकानदार मात्र बाटल्यांचा खोका परत घ्यायला तयार नाही.