खानदेशच्या उन्हात ड्रायसूटचं गळ्याचं सील बदलताना

हतनूरच्या किंवा गिरणेच्या पाण्यात उतरायला ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा डायव्हिंगचा सूट, लागत नाही. पण थंड समुद्रात डायव्हिंगचं काम करणारा माणूस सुट्टीत सूट घेऊन गावी येतो, आणि गळ्याशी-मनगटाशी पाणी अडवणारं लॅटेक्सचं, म्हणजे पातळ रबराचं, सील इथे कपाटातच खराब होतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका. सील बोटाला चिकट लागत असेल किंवा ताणल्यावर बारीक भेगा दिसत असतील तर ठिगळाचा नाद सोडा, सील बदला. ठिगळ फक्त चांगल्या रबराला पडलेल्या भोकासाठी.

खाली लिहिलंय ते ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाच्या) सूटवरच्या लॅटेक्स सीलचं. सिलिकॉनचं सील खाली दिलेल्या गोंदांना धरत नाही, ते सूटवर बसवायला रिंगच लागते.

आधी जुन्या सीलची कड आतून चिकटवली आहे की बाहेरून ते पाहून फोटो काढून ठेवा, नवं त्याच बाजूने लावायचं. हेअर ड्रायरने थोडी थोडी जागा गरम करत कड सोलत जा. हीट गन नको. तिने कापडाचे थर सुटतात आणि शिवणीवरची टेप उचकटते. जुन्या गोंदाचा घट्ट बसलेला पातळ थर राहिला तरी चालतो. तो खरवडायच्या हट्टापायी कापडाचं कोटिंग गेलं, तर तिथूनच पाणी शिरतं.

मग गळ्यात पाच नंबरचा फुटबॉल घाला, वर प्लास्टिक गुंडाळून. कड ताणली न जाता गोल बसेल एवढीच हवा भरा. सूटवर आणि सीलवर समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे अशा चार खुणा करा. खुणा न करता लावलेलं सील शेवटच्या वितीत हमखास सुरकुततं, आणि सुरकुती म्हणजे पाण्याची वाट. दोन्हीकडे अडीच सेंटिमीटरचा पट्टा बारीक पॉलिशपेपरने हलका घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या.

खरी गंमत गोंदाची आहे. निओप्रीनचं कॉन्टॅक्ट सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, पहिला हात वाळला की दुसरा. बोटाला ओढ लागते पण गोंद बोटावर येत नाही, तेव्हा जोडायचं. डब्यावर लिहिलेली मिनिटं आपल्याकडच्या दुपारी खरी ठरत नाहीत: वरून साय धरते, आत द्रावक तसाच अडकतो आणि नंतर फुगे येतात. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करा. पंखा बंद, पण खिडक्या उघड्या, कारण वाफ डोक्यात जाते. पावसाळ्यात उलटा त्रास. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि जोड पापडासारखा सुटतो. ढगाळ, दमट दिवशी सरळ थांबा. अ‍ॅक्वासीलसारखा युरेथेन गोंद मात्र हवेतल्या ओलाव्यावरच पक्का होतो, त्यामुळे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो. खोलीत ओलं फडकं टांगून ठेवा.

कॉन्टॅक्ट सोल्युशनने जोडताना खुणेला खूण लावून, एकदाच. उचलून पुन्हा लावता येत नाही. लाकडी रोलरने मधून कडेकडे दाबत जा आणि २४ तास हात लावू नका.

गळा सैल करायला सील स्टीलच्या डब्यावर रात्रभर ताणून ठेवा, डबा मानेपेक्षा जरासाच जाड असावा. घरातली तांब्या-पितळेची कळशी कितीही मापात बसली तरी वापरू नका, तांबं लॅटेक्सला खातं. तरीही आवळत असेल तर सीलवरच्या एका रेषेएवढंच, धारदार कात्रीने, न थांबता कापा. कात्री जिथे अडखळते तिथून पुढे सील फाटतं. घट्ट गळा सहन करत बसू नका, मानेतल्या रक्तवाहिनीवर दाब येऊन चक्कर येऊ शकते.

तपासणीसाठी गळ्यात पुन्हा बॉल, एका मनगटात बंद बाटली, दुसऱ्यात बूड कापलेली बाटली. तिच्या तोंडातून हवा फुंकून झाकण लावा आणि जोडावर साबणाचं पाणी सोडा. सूट टम्म फुगवायचा नाही.

ठेवताना बिनवासाची शंखजिऱ्याची पूड. सुगंधी टाल्कम नको. जागा घरातली सगळ्यांत थंड आणि अंधारी, वेल्डिंगच्या दुकानाला लागून नसलेली, कारण तिथे ओझोन तयार होतो. आणि तेलाच्या हातांनी सूटला शिवू नका, शेवभाजी खाऊन तर नाहीच.