उतार बघून

रविवारी दुपारी जेवून खानापूरला निघालो, किल्ली फिरवली तर नुसतं टिक. परत फिरवली, परत टिक. १९९७ची कार्ब्युरेटरवाली गाडी, ह्या पावसात दहा दिवस बाहेर भिजत उभी, तिनं तरी काय करावं. बायको म्हणाली, "काय झालं हो, चालू होईना काय?" मी म्हटलं, "गप जरा, ऐकू दे." बोलून गेलो आणि लक्षात आलं, हे तर आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं वाक्य.

आप्पांची गाडी म्हणजे तो डबा, गिअर स्टिअरिंगजवळ, नाव सांगायला नको, ओळखलीत. ती चालू करताना आत कुणी बोलायचं नाही, दहावीचा निकाल असला तरी. टिक झालं आणि हेडलाईट मंदावला तर बॅटरी नाहीतर टर्मिनल, लाईट झकास आणि तरी टिक तर सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, सेल्फ घरघर फिरतोय पण इंजिन पकडत नाही तर पेट्रोल नाहीतर करंट. आमच्या बेळगावच्या पावसात बहुतेक करंटच, मग प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यानं आतून पुसायचं. चोक जास्त ओढला की पेट्रोलचा वास सुटायचा, म्हणजे प्लग ओले, दहा मिनिटं थांबा. त्या दहा मिनिटांत आप्पांशी बोलायची हिंमत आजीलाही नव्हती. मे महिन्यात चोर्ला घाटात उलटंच, पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, मग पंपावर ओलं फडकं आणि आम्ही पोरं रस्त्याकडेला करवंदं शोधत.

एवढ्यानं नाही झालं तर धक्का. खडेबाजारात भर गर्दीत आप्पा काच खाली करून येणाऱ्याजाणाऱ्याला कानडीत म्हणायचे, "स्वल्प नूक्री." म्हणजे जरा ढकला. मला ऐकू यायचं नोकरी. थोडी नोकरी द्या म्हणून आपला बाप रस्त्यात लोकांना विनवतोय, अशी लाज वाटायची की मी सीटखाली वाकून बसायचो. चौथीत असताना आईला विचारलंसुद्धा, आप्पांची नोकरी गेली काय म्हणून. आईनं ते रात्री त्यांना सांगितलं, आणि तेव्हापासून ते मुद्दाम माझ्याकडे बघत म्हणायचे.

म्हणून मग उतार. लग्नाला गेलो तरी कार्यालयासमोरची जागा सोडून गाडी लांब कुठंतरी उताराला, आणि आई नवी साडी सावरत चिखलातून मागं मागं. परत निघताना किल्ली ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबून गाडी सोडायची, वेग आला की क्लच सोडायचा, बुडुबुडु करत निघाली.

तर रविवारी बॉनेट उघडलं. बॅटरीवर मीटर धरला, १२.५ व्होल्ट, म्हणजे ती बिचारी शाबूत. टर्मिनलवर मात्र हिरवट-पांढरी बुरशी चढलेली. आधी निगेटिव्ह काढलं, मग दुसरं, गरम पाण्यात खायचा सोडा आणि जुना टूथब्रश, पुसून कोरडं केलं, पान्यानं आवळलं. पहिल्या सेल्फला चालू. पण तोवर चार वाजलेले, खानापूर राहिलंच, कपिलेश्वर पुलावरून नुसती एक फेरी मारून आलो.

येऊन गाडी लावतोय तर शेजारच्या काकू गेटात. "अरे, तुझ्या दारात एवढी जागा आहे की रिकामी, रोज आमच्याच गेटाला का?"

"आहे हो काकू," म्हटलं, "पण ती सपाट आहे."