आमची वाटचाल: दिवा का लागला, ते आधी बघू

नागपूरच्या उमरेड रोडवरच्या आमच्या गॅरेजात सगळ्यात जास्त गर्दी असते ती जुलै ते सप्टेंबर. ३० जूनला ताडोबा आणि पेंच या वाघांच्या जंगलांच्या कोअरमधली, म्हणजे आतल्या भागातली सफारी थांबते, १ ऑक्टोबरला गेट पुन्हा उघडतं. मधल्या तीन महिन्यांत जिप्सीवाले आपापल्या गाड्या घेऊन येतात. हंगामभर धूळ खाल्लेल्या, पंधरा-वीस वर्षं जुन्या गाड्या. नवी जिप्सी आता मिळत नाही, म्हणून आहे तीच जपायची. कुणाचा चार्जिंगचा दिवा विझत नाही, कुणाचा टेंपरेचरचा काटा चढावर एचला (गरम) टेकतो, कुणाचा सीवरून (थंड) हलतच नाही. वायरिंग आणि कूलिंग, एवढंच काम आम्ही करतो. बाकीच्या कामाला शेजारी चांगले मिस्त्री आहेत.

मी हे काम शिकलो कामठी रोडवर, डायनॅमो-सेल्फ दुरुस्त करणाऱ्या एका उस्तादांकडे. बल्ब होल्डरला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प त्यांच्या खिशात कायम असे. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि मग स्वतःचं शेड टाकलं. काम येतं असं मला वाटत होतं. हात चालत होता हे खरं, पण मोजायची सवय नव्हती.

ती लागली एका जिप्सीमुळे. मे महिना, नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर. पेंचकडचा एक सफारीवाला गाडी घेऊन आला. काटा एचला जातो, गाडी गरम होते, ही तक्रार. दुसरीकडे रेडिएटर साफ झाला होता, वॉटर पंप बदलला होता, इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा थर्मोस्टॅट तर कुणीतरी काढूनच टाकला होता. राहिलं काय? हेड गॅस्केट, इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग. मी हेड उतरवलं. पट्टी लावून पाहिलं तर हेड सरळ, जुन्या गॅस्केटवर जळाल्याची खूण नाही. नवं गॅस्केट घालून सगळं बसवलं, गाडी चालू केली आणि दहा मिनिटांत काटा पुन्हा एचवर.

तिसऱ्या दिवशी उस्ताद सहज आले होते. त्यांनी रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवला. गरम होता, पण हात ठेवता येत होता, म्हणजे काटा सांगत होता तेवढं इंजिन तापलेलं नव्हतं. मग ते गाडीवाल्याकडे वळले, "पेट्रोलचा काटा काय म्हणते?"

तो म्हणाला, "तो तं फुलच दाखवते ना भाऊ. टाकीत चार लिटरही नाही. मी पहिल्याच दिवशी सांगतलं होतं."

सांगितलं होतं त्याने. मी ऐकलं नव्हतं. उस्तादांनी हेडलाइट लावायला लावली आणि दोन्ही काटे आणखी वर सरकले. "पहिले अर्थिंग पाय (बघ)," एवढं म्हणून ते चहाला गेले.

मीटरची अर्थिंगची वायर, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत नेणारी, डॅशखाली बॉडीला एका बोल्टने बसवलेली होती. बोल्ट खोलला तर टर्मिनलखाली चकचकीत हिरवा रंग. हंगामाआधी गाडीला नवा रंग मारला होता, वायरी परत बसवताना रंगावरच बोल्ट आवळला होता. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून पत्रा उघडा केला, टर्मिनल बसवलं. पेट्रोलचा काटा खाली आला, टेंपरेचरचा मध्यावर थांबला. दहा मिनिटांचं काम होतं आणि मी इंजिन उघडलं होतं. तीन दिवसांची मजुरी मी त्याला परत केली.

कारण नंतर नीट समजलं. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोल आणि टेंपरेचर या दोन्ही मीटरना एकच स्टॅबिलायझर कमी केलेला व्होल्टेज पुरवतो. त्याची अर्थिंग गेली की दोन्हींना पुरा करंट मिळतो आणि दोन्ही काटे वर चढतात. एकटा टेंपरेचरचा काटा चढला तर इंजिनाकडे बघायचं, दोन्ही एकदम चढले तर आधी डॅशखाली वाकायचं.

त्या आठवड्यात मी एक जाड रजिस्टर आणलं आणि शेडमध्ये नियम केला: मोजल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. ते रजिस्टर भरलं, आता चौथं सुरू आहे.

त्यात पहिली नोंद असते बॅटरीची. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४. मग मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला, आणि पोराला सेल्फ मारायला सांगायचं. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर केबल चांगली. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल आतून कुजलेली किंवा बोल्ट गंजलेला, वरून कितीही धडधाकट दिसो. टेंपरेचरचा सेंडर म्हणजे इंजिनातल्या पाण्याची गरमी काट्याला कळवणारा पार्ट. त्याची वायर काढली की काटा सीला यायला हवा, आणि तीच वायर क्षणभर छोट्या बल्बमधून इंजिनला टेकवली की वर जायला हवा. तसं झालं तर मीटर आणि वायर ठीक. मग सेंडर काढून पातेल्यात पाणी तापवायचं, थर्मामीटर सोडायचा आणि ओहम लिहायचे. पाणी तापेल तसा आकडा उतरत जातो. सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळलेली असली तर तीही काढतो, कारण एका वायरीच्या सेंडरला अर्थिंग त्या आट्यांमधूनच मिळते. थर्मोस्टॅटही त्याच पातेल्यात. ८२ अंशांचा असेल तर त्या सुमाराला त्याचं तोंड उघडायला लागतं. काढून फेकलेला थर्मोस्टॅट आम्ही परत बसवतो. त्यावर गिऱ्हाईक वाद घालतं, आम्ही तरी बसवतोच.

दिवा खोटा निघतो तसा गप्पही राहतो. दुसरं दुखणं मला जास्त छळतं. एक जुनी डिझेल जीप टोचन करून आली. इंजिन जाम, हेड वाकलेलं. मालक कळवळून सांगत होता, काटा शेवटपर्यंत खालीच होता. होज फुटून पाणी वाहून गेलं होतं. सेंडर पाण्यात बुडालेला नसेल तर त्याला खरी गरमी कळत नाही, काटा उलट उतरतो. म्हणून चावी फिरवल्यावर चार्जिंगचा आणि ऑइलचा दिवा लागतो का, हे मी प्रत्येकाला रोज सकाळी बघायला सांगतो. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. काढलेले बल्ब आम्हाला दर पावसाळ्यात सापडतात. त्रास देतो म्हणून दिवाच काढणाऱ्या मिस्त्रीचा मला मनापासून राग येतो.

आणि चार्जिंगचा दिवा लागून काटाही चढायला लागला, तर पुढचं गाव गाठायचा विचार करू नका. या गाड्यांत अल्टरनेटर आणि वॉटर पंप एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटलेला असणार. गाडी तिथेच बंद करा, आणि इंजिन थंड होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. अंबाझरी ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. त्या आठवड्यात धुऊन-सुकवून चालू केलेल्या गाड्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्याकडे आल्या. सॉकेट उघडले की पिना हिरव्या, वायरचं आवरण सोललं की तांबं काळं. अशाच एका गाडीत कूलंट कमी असल्याचा दिवा सतत लागायचा, टाकी मात्र काठोकाठ. टाकीतला फ्लोट चांगला होता, प्लगच्या दोन पिना हिरव्या पडून कॉन्टॅक्ट बिघडला होता. ते शोधलं आमच्याकडच्या आयटीआय झालेल्या मुलीने. तिने दोन पार्ट बदलण्याऐवजी प्लग भिंगाखाली धरला. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, खोलायचा असेल तर आता तीच खोलते.

बोअरचं पाणी आम्ही रेडिएटरमध्ये घालू देत नाही. आपल्याकडचं पाणी जड, त्याचा क्षार सेंडरवर आणि नळ्यांत पांढरा थर धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. झाकणाचा रबरही दरवर्षी बघतो. तो गेला की आत प्रेशर टिकत नाही आणि पाणी शंभरच्या आसपासच उकळायला लागतं.

ती हिरवी जिप्सी अजून येते. मधे तिला पुन्हा रंग द्यायचा होता, तेव्हा गाडीवाल्याने आधी आमच्याकडे आणून अर्थिंगच्या सगळ्या बोल्टांवर चिकटपट्टी लावून घेतली आणि मगच पेंटरकडे नेली.

गाडी आणाल तेव्हा एका कागदावर लिहून आणा: दिवा थंड इंजिनवर लागतो की चढावर, हेडलाइट लावल्यावर काटा हलतो का, आणि पेट्रोलचा काटा काय म्हणतो. तो कागद आम्ही रजिस्टरच्या त्या पानाला टाचून ठेवतो.