पडक्या घराला कागद कुठले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. राजापूर तालुक्यातलं आमचं आजोळचं घर आता चौथरा आणि जांभ्याच्या दोन भिंती एवढंच उरलंय. आत कागदाचा कपटाही नव्हता. मग ते कोणाचं, कधीचं, कसं ओस पडलं हे कळलं कुठून, असं बरेच जण विचारतात.

जमिनीच्या मागे लागल्यावर कळलं. शेतसारा जमिनीवर बसायचा, म्हणून जुन्या दप्तरात जमीन सापडते, घर क्वचित. गावठाणातल्या घराला तर सातबाराच नसतो. आमचं घर गावठाणाबाहेर, सर्व्हे नंबरात होतं, म्हणून ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची एक ओळ मिळाली. पण खरा खजिना सातबाऱ्यावर गोल करून लिहिलेल्या आकड्यांत असतो. ते फेरफारांचे, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक. कोणी मेलं, वाटणी झाली, जमीन गहाण पडली, की नवा फेरफार. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्यांच्या नकला काढत मी एकेक पिढी मागे गेले. जुने फेरफार मोडी लिपीत होते, ते जाणकाराकडून वाचून घेतले. त्याच्याही मागे जायचं तर आमच्याकडे कोकणात खोतीचं बॉटखत. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. कुठली जमीन कोणाच्या ताब्यात आणि खोताला देणं किती, हे त्यात असतं. खोती 1949च्या कायद्याने गेली, पण हे कागद अजून उपयोगी पडतात.

घरानेही थोडं सांगितलं. ढिगाऱ्यात बासेल मिशनचा छाप असलेलं मंगलोरी कौल निघालं. त्यांचा मंगळूरचा कारखाना 1865 साली सुरू झाला, तेव्हा हे कौल त्याआधीचं नाही. घरही तेव्हाचंच, असं मात्र त्यावरून ठरत नाही. कोकणात एका छपराची कौलं उतरवून दुसऱ्यावर चढवतात. कौलावरून घराचं वय सांगणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही.

मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं ते एका फेरफाराबद्दल. घरमालक वारला, मुलं लहान. वारस म्हणून मुलांची नावं लागली आणि त्यांच्यापुढे ‘अ.पा.क. आई’, मग तिचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन मुलांच्या वतीने बघणारी. मुलगे सज्ञान झाल्यावर ती अक्षरं कमी केल्याचा फेरफार आहे, आणि पुढे त्या आईचं नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही. मधली वर्षं सारा भरला तिने, शेती करवून घेतली तिने, छपराची शाकारणीही तिनेच केली असणार. दप्तरात त्यासाठी तिला तीन अक्षरं मिळाली, तीही मुलांच्या नावापुढे. हे वाचून मला जे वाईट वाटलं ते अजून गेलेलं नाही.

तिचा नवरा 1918च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेला, असं घरात सांगतात. पोलीस पाटलाच्या मृत्यूनोंदीत कारण ‘ताप’ एवढंच आहे. त्या काळी निम्म्या गावाचं कारण ताप असायचं, म्हणून मी ते तसंच ठेवलंय. शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र शंका उरत नाही. थोरल्या मुलापुढे शाळा सोडल्याचं कारण ‘मुंबईस गेला’, धाकट्यापुढेही तेच. घर ओस पडायला तिथूनच सुरुवात झाली. भाऊबंदकीमुळे पडलं, असं गावात अजून सांगतात, पण मला वाटणीचा एकही फेरफार मिळाला नाही.

मध्यंतरी वारसनोंदीसाठी वंशावळ लिहायची वेळ आली. आमच्याकडच्या जुन्या वंशावळीत फक्त पुरुष. मी तिचं नाव नवऱ्याच्या शेजारी घातलं. एक चुलतमामा म्हणाले, “बायकांची नावं कशाला त्यात?” मी त्यांच्यापुढे फेरफाराची नक्कल ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि मग त्यांच्या आईचं नाव सांगितलं, तेही लिहून घे म्हणाले.

तुमच्या घराचं शोधायचं असेल तर आधी आजच्या सातबाऱ्यावरचे ते फेरफार क्रमांक उतरवून घ्या.