तुम्ही विचारलंत म्हणून: मे महिन्यात आम्ही नागपूरकर कुठे जायचो?

पुण्यात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. "मे महिन्यात तुमच्याकडे 45 अंश. मग लहानपणी सुट्टीत जायचात तरी कुठे? महाबळेश्वर तर केवढं लांब!" उत्तर एका शब्दाचं आहे: पचमढी. पण तेवढं सांगून थांबलं की पुढचा प्रश्न हॉटेलांचा नाहीतर पचमढीजवळच्या पिपरिया रेल्वे स्टेशनचा येतो, आणि मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. आमची सुट्टी पचमढीला पोचल्यावर सुरू व्हायची नाही, ती नागपूरबाहेरची कोराडी मागे पडली की सुरू व्हायची.

पचमढी मध्य प्रदेशात असली तरी आमच्या आजीला ती कधी परकी वाटली नाही. 1956 पर्यंत नागपूर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि इंग्रजांच्या काळात ऊन तापलं की मध्य प्रांताचा कारभार पचमढीला हलायचा. पुढे विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा पलीकडे राहिला. तरीही सावनेर, केळवद करत हद्द ओलांडली की सौंसरला चहावाला मराठीतच बोलायचा. आजही नागपंचमीला पचमढीजवळच्या नागद्वारच्या यात्रेला आणि महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन तिथल्याच चौरागडावर विदर्भातली माणसं लोटतात ती याच ओढीने.

उजाडायच्या आत निघायचं असं आदल्या रात्री ठरायचं, आणि प्रत्यक्ष निघेपर्यंत आठ वाजायचे. काकांची जुनी पेट्रोलची गाडी, कॅरियरवर होल्डॉल, पुढे बाबा आणि काका, मागे आई, काकू, आजी आणि मांडीवर मांडी घालून आम्ही भावंडं. तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी चटणी आणि पन्ह्याची बाटली आईच्या पायाशी. पुढच्या बंपरला छागल टांगलेली असायची. जाड कॅनव्हासची ही पिशवी आदल्या रात्रीच भिजवून, भरून ठेवावी लागे. कापडातून पाणी हळूहळू झिरपतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार पडतं. लू जितकी कोरडी, तितकं पाणी गार. त्या पाण्याला कापडाचा एक ओलसर वास असायचा. फ्रिजच्या पाण्याने माझी तहान आजही तशी भागत नाही.

सौंसर, रामाकोना या भागात छोट्या लाईनची गाडी दिसली तर तो दिवस सार्थकी लागायचा. दारात पाय सोडून बसलेली माणसं आम्हाला हात करायची. ती नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, तिथे आता मोठी लाईन आहे. सोय झाली हे खरंच, पण मला त्या छोट्या गाडीची फार आठवण येते.

मग सिल्लेवानीचा घाट. तिथे आमची गाडी हमखास आचके देऊन थांबायची. भर उन्हात चढावर इंजिन इतकं तापायचं की पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची, आणि वाफ काही इंजिनाच्या पंपाला ओढता येत नाही. यावरचा उपाय त्या काळी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होता. काका बॉनेट उघडायचे, पंपावर ओला फडका गुंडाळायचे आणि सागाच्या सावलीत बसून राहायचे. फडका वाळला की पुन्हा ओला करायचं काम आमचं. लोट्यातून पाण्याची बारीक धार धरायची, पाणी नेमकं पंपावरच पडायला हवं. तापलेल्या धातूवर चर्र असा आवाज यायचा, मग तो हळूहळू मंदावायचा, आणि आवाज थांबला की काका उठायचे. त्या थांब्यात कुणी चिडलेलं मला आठवत नाही. बाबा ऑफिसच्या दिवसांत आमच्याशी जेवढं बोलायचे, त्याहून जास्त त्या सावलीत बोलायचे.

छिंदवाडा घाईने मागे टाकायचं आणि पुढे मोहाच्या झाडाखाली जेवण. आजूबाजूच्या मोकळ्या जागेत विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घातलेले असायचे, एका पुड्यात 50 पानं, ओळीने नीट मांडलेले. मे महिन्यातल्या त्या थोड्या दिवसांच्या कमाईवर कितीतरी घरांचा पावसाळा निघतो, हे मला तिथे बाबांनी सांगितलं.

नागपूरची उंची सुमारे 310 मीटर, छिंदवाडा त्याच्या दुपटीहून वर, पचमढी हजाराच्याही वर. त्यामुळे या रस्त्याने उन्हाळा टप्प्याटप्प्याने उतरतो. खिडकीबाहेर हात काढून "गार झालं!" असं कोण आधी म्हणतं यावर आमची भांडणं व्हायची, पण अखेरचा निकाल आजीचा. नागपूरहून निघताना तिने डोक्यावर ओला पंचा घेतलेला असायचा. तामियाच्या अलीकडे कुठेतरी ती तो काढायची, घडी करून मांडीवर ठेवायची, आणि मग गार झालं असं सगळ्यांनी मानायचं.

तामियाला जमीन एकदम संपते. रेस्ट हाऊसजवळच्या कड्यावर उभं राहिलं की सातपुड्याच्या रांगा एकीमागे एक, शेवटच्या तर आभाळात मिसळलेल्या. तिथून जवळच पाताळकोट आहे, भारिया आदिवासींची गावं खोल दरीत वसलेली. वरून बघताना खालची घरं मोजायचा आमचा प्रयत्न कधी पुरा झाला नाही. त्यानंतर रस्ता पुन्हा खाली, मटकुलीला देनवा नदीपाशी ऊन परत भेटायचं, आणि शेवटचा घाट चढून संध्याकाळी पचमढी. जटाशंकर, पांडव लेणी, बी फॉल सगळं पाहिलं, आवडलंही. सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर धूपगड तिथेच आहे. पण त्याबद्दल तुम्हाला कुणीही सांगेल.

आता रस्ता चांगला झालाय, गाड्या घाटात थांबत नाहीत आणि लोक काचा वर करून, एसी लावून थेट पोचतात. माझ्या मुलांना मी नेते तेव्हा छिंदवाड्यानंतर एसी बंद करते. आधी कुरकुर होते, मग हात बाहेर निघतात. तुम्ही जाणार असाल तर पिपरियावरून जाऊ नका, नागपूरहून रस्त्याने जा, आणि धूपगडचा सूर्यास्त हुकला तरी चालेल, पण तामियाला निदान तासभर थांबा.