अंगठी नंबर ६: हिरव्या खड्याभोवती लाल कडं

मागच्या वेळी फोटो टाकला होता ती हिरव्या खड्याची अंगठी आठवतेय ना, मधे चौकोनी खडा आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन अर्धे मोती? तिचं कोडं बरंचसं सुटलं.

आधी हॉलमार्क, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेचा ठसा. आतल्या बाजूचा मळ टूथपिकने काढला तर जहाजाचा नांगर दिसला, म्हणजे ठसा बर्मिंगहॅमचा, आणि शेजारी १५ आणि .६२५, म्हणजे कॅरट आणि शुद्धता. ब्रिटनमधे १५ कॅरट १८५४ ला सुरू झालं आणि १९३२ ला बंद, त्यामुळे वर्षाचं अक्षर पार घासून गेलंय तरी अंगठी त्याच मधल्या काळातली हे पक्कं.

आता खडा. पाचू निघेल अशी खूप आशा होती मला. पण लुपखाली (जवाहिऱ्याच्या भिंगाखाली) पाचूत दिसते तशी आतली गिचमिड कुठेच दिसेना, त्याऐवजी बारीक गोल बुडबुडे आणि तेही सगळे एकाच पातळीत, आणि अंगठी दिव्याखाली हळूहळू तिरकी केली तर वरच्या पैलूंवरची चमक मधेच एका रेषेवर बदलते, वर कडक आणि खाली जरा मऊ. मग खडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला, वरून टॉर्च मारला, आणि कडेने लाल कडं उमटलं. हिरव्या खड्याला लाल कडं! दहा वेळा तरी परत परत बघितलं. गार्नेट टॉप्ड डब्लेट आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, तामड्याची, म्हणजे लाल गार्नेटची, पातळ चकती रंगीत काचेवर तापवून थेट जोडायची, गोंद वगैरे काही नाही, आणि मग पैलू पाडायचे. तामडा काचेपेक्षा बराच कठीण आणि काचेबरोबर तापवला तरी तडकत नाही म्हणून तोच निवडला, आणि चकती इतकी पातळ की रंग खालच्या काचेचाच दिसतो. माझ्या खड्याचा वरचा सपाट पैलू अजून धारदार आहे, पाठीमागचे मात्र घासलेत, आता कारण कळलं. रिफ्रॅक्टोमीटर (खड्यात प्रकाश किती वळतो ते मोजायचं यंत्र) वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, वरून रीडिंग तामड्याचंच येतं, माझं १.७८ आलं, पाचूचं १.५८ च्या आसपास असतं. १९०२ मधे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नयने कृत्रिम माणिक जाहीर केलं आणि पुढे असे स्वस्त कृत्रिम खडे आल्यावर डब्लेट मागे पडले. म्हणून मी याला नकली म्हणणार नाही, त्या काळाची कारागिरी आहे ही आणि खडा मूळचाच दिसतोय, कोंदणात कुठेही उचकटल्याची खूण नाही.

अडचण वेगळीच आहे. खडा धरणारं एक नख झिजलंय, आणि ज्या सोनाराकडे गेलो तो लगेच गॅसच्या टॉर्चने सोनं चढवून देतो म्हणाला, मी अंगठी परत घेऊन आलो. काच तडकेल आणि मोती तर जळतीलच. लेझर वेल्डिंग करणारं कोणीतरी शोधतोय. तोपर्यंत धुणं नाही, अल्ट्रासॉनिक मशीनने साफ करणं तर अजिबात नाही, फक्त किंचित ओलसर मऊ ब्रश आणि लगेच कोरडं फडकं. डब्लेटच्या इतक्या जवळ कोणी लेझरने नख बांधून घेतलं असेल तर प्लीज सांगा, खड्याला काही झालं का, आणि मोती आधी काढावे लागले का?