तळ्याकाठचं घर भाद्रपदात बघा

जळगावच्या मेहरूण तलावाजवळ, जुन्या गावठाणात घर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. घ्यावं. पण बघायला उन्हाळ्यात जाऊ नका, भाद्रपदात जा; पावसाळ्यात गळती आणि ओल लपत नाही.

मेहरूण आता शहरात आलं असलं तरी मूळचं ते गावच; तिथल्या बोरांचं नाव खानदेशाबाहेरही आहे. अशा गावठाणाचं खरं वैभव म्हणजे धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर. दीड-दोन हात रुंद मातीची भिंत, वर तुळया, कड्या, काटक्या, पाला, मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो, तेव्हा भिंत दिवसभराचं ऊन हळूहळू पिते आणि दुपारी घरात गारवा राहतो. रात्री तीच भिंत ऊब सोडते, म्हणून अंथरूण धाब्यावर.

खाऱ्या मातीचं काम नीट समजून घ्या. पाणी लागलं की तिचे कण सुटतात आणि फटी बुजवतात. क्षारामुळे गवतही फारसं उगवत नाही. दरवर्षी मृगाआधी तिचा नवा थर द्यायचा, उतार पन्हळीकडे ठेवायचा, पन्हळ मोकळी करायची. हे चुकलं की पाणी मुरतं आणि तुळयांची भिंतीत गेलेली टोकं आधी कुजतात. तिथं दाभण टोचून बघा. सहज आत गेलं, तर तुळई बदलायचा खर्च किमतीतून वजा करा.

खालची ओल वेगळी. पावसाळ्यात तळ्याजवळ जमिनीतलं पाणी वर येतं. मातीचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो, सिमेंटचा अडवतो. मग ती भिंतीत वर चढते, लोणा (क्षाराचा पांढरा थर) फुटतो, पापुद्रे पडतात. ‘पक्कं केलंय’ म्हणून दाखवलेली भिंत म्हणूनच आधी तपासा. सिमेंट खरवडून, भिंत एक उन्हाळा सुकू देऊन, मग चुन्याचा किंवा भुसा कुजवलेल्या मातीचा गिलावा करावा. रंगही चुन्याचाच.

दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर गेली असेल, तर पाया खचतोय. काळ्या मातीवरचं घर पावसात उचललं जातं, उन्हाळ्यात बसतं. अशा भिंतीवर स्लॅब चढवू नका.

गावठाणात सहसा सातबारा नसतो. मालमत्ता पत्रक मागा, आणि सामाईक भिंत कुणाची, ते शेजाऱ्यांसमक्ष लिहून घ्या. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची गर्दी तलावावर लोटते, त्या दिवशी गाडी बाहेर काढता येणार नाही.